कय्यूमभाईंनी बसवलेले हात

कय्यूमभाईंना संध्याकाळी पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं, हा गृहस्थ गांधीलमाश्या हाकलतोय. पावलं आत वळवलेली, गुडघे जरासे वाकलेले, आणि पाय जागचे हलायचे नाहीत. हलायचे फक्त हात. एक पुढे जायचा, मनगटातून फिरायचा, परत छातीशी यायचा, मग दुसरा. दाढीत कापूस, बनियनवर कापूस, भुवयांवरसुद्धा कापूस. खामगावकडे जाणारे मोटारसायकलवाले फाट्यावर वेग कमी करून बघायचे आणि हसून पुढे जायचे. हसण्यासारखंच होतं ते. मीही हसले होते, आणि पुढे त्याच अंगणात कित्येक संध्याकाळी पाय आत वळवून उभी राहिले.

कय्यूमभाई पिंजारी. जलंबच्या रस्त्यावर आमच्या गावचा फाटा लागतो, तिथे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गाद्यांचं दुकान आहे. शेतकऱ्यानं घरचा कापूस आणून टाकायचा, कय्यूमभाईंनी तो मशीनवर पिंजायचा, त्यांच्या बायकोनं, नूरजहांभाभींनी, खोळ शिवायची आणि मग दोघांनी मिळून गादी भरून टाके घालायचे. आमच्याकडे पोरगी लग्न होऊन निघाली की सोबत घरच्या कापसाची गादी जाते. बाजारातली तयार गादी दिली तर व्याही तोंडावर बोलत नाहीत, पण त्यांच्याकडच्या बायका कोपऱ्यातून दाबून बघतात. बीटी बियाणं आलं त्या सुरुवातीच्या वर्षांत कापूस इतका निघायचा की ओसरीत पाय ठेवायला जागा नसायची आणि कय्यूमभाईंना जेवायला सवड नसायची. तरी संध्याकाळी मशीन बंद झालं की बाजूच्या अंगणात जाऊन ते हात फिरवायचेच.

हे चिनी कुंग फू त्यांना मिळालं शेगावात. यात्रेची गर्दी सुरू व्हायच्या आधी तिथले लॉजवाले सगळ्या गाद्या उसवून पिंजून घेतात. तरुणपणी कय्यूमभाई या कामासाठी एका लॉजच्या गच्चीवर मुक्कामाला होते. खाली लॉजच्या मालकानं नूडल्सची गाडी काढली होती आणि ती चालवायला दार्जिलिंगकडचा एक स्वयंपाकी ठेवला होता. त्याचं नाव दावा. हा दावा पहाटे गच्चीवर येऊन एका जागी उभा राहायचा आणि हात फिरवायचा. कय्यूमभाई गाद्यांच्या ढिगाआडून बघत राहिले, मग पुढे आले, मग त्याच्या शेजारी उभे राहिले. दावाला हिंदी जेमतेम यायची, कय्यूमभाईंना त्याची भाषा अजिबात नाही. बघायचं आणि करायचं, एवढंच शिक्षण. दावानं त्यांना हातांची सबंध मालिका बसवून दिली. कोणता हात कशासाठी, हल्ला आला तर त्याचं काय करायचं, हे नंतर सांगतो म्हणाला. आणि एक दिवस घरून फोन आला म्हणून तो गावी गेला, तो परत आलाच नाही.

म्हणजे कय्यूमभाईंकडे सगळे हात होते, पण एकाही हाताचा उपयोग त्यांना कोणी सांगितलेला नव्हता. हे आम्हाला फार उशिरा कळलं. तुम्हाला आधीच सांगून ठेवते, कारण लपवाछपवी मला आवडत नाही.

उपयोग मग त्यांनी स्वतःच बसवले. वर्षानुवर्षं गाद्यांना टाके घालता घालता विचार करून. आमच्याकडे माणसं भांडतात कशी, हे त्यांनी बाजारात पाहिलं होतं: आधी कॉलर, मग मनगट, मग काठी. त्यांनी एकेका हाताला एकेक काम वाटून दिलं. चिनी नावं त्यांना पाठ होती, पण आमच्या जिभेवर ती टिकेनात, म्हणून नावंही घरचीच ठेवली. तळवा वर करून पुढे जाणारा हात म्हणजे ‘भाकर’. बाजूनं चापट मारून ढकलणारा म्हणजे ‘थाप’. मनगट आतून गोल फिरवायचं, बोंडातून कापूस काढताना फिरवतो तसं, ती ‘वेच’. आणि कोपर वर, पंजा खाली, असा तिरपा उचललेला हात म्हणजे ‘वेसण’.

“वरतून काठी आली का कोपर उचलाचं,” ते सांगायचे, “अन् धरून ठेवाचं. बैल बिथरला तं वेसण सोडतं का कोणी? नाही सोडत. मंग हा हात बी सोडाचा नाही.”

आम्हाला हे तंतोतंत पटायचं. बिथरलेला बैल आमच्यापैकी प्रत्येकानं पाहिला होता.

मी कय्यूमभाईंच्या कुंग फूच्या वर्गात जायला लागले तेव्हा खामगावला कॉलेजात होते. मामेबहिणीच्या गादीचा कापूस टाकायला आले आणि अंगणात चार पोरं हात फिरवताना दिसली. मला शिकवाल का म्हणून विचारलं, तर कय्यूमभाई म्हणाले, “घरी इचारून ये.” घरी माझे वडील, पंजाबराव, म्हणाले, “चीनचं कायले शिकतं व? आपल्याइकडं काय मारामाऱ्या कमी हायेत?” आई म्हणाली, जाऊ द्या तिला. आमच्या घरात आईनं जाऊ द्या म्हटलं की चर्चा संपते.

कय्यूमभाईंची शिकवायची रीत न्यारी होती. मालिकेत एक भाग अगदी संथ करायचा असतो. हात छातीपासून पुढे सरकायला एक सबंध श्वास लागतो. त्या वेळी ते प्रत्येकाच्या मनगटावर पिंजलेल्या कापसाचा एक झुबका ठेवायचे. झुबका पडला तर हात घाईत आहे. दम रोखला तर खांदा ताठतो, आणि खांदा ताठला की झुबका पडतोच. पडला की ते रागवायचे नाहीत, उचलून परत ठेवायचे. “कापूस खोटं बोलत नाही,” म्हणायचे. मला हात संथ ठेवता यायला लागला तेव्हा माझा संताप घरीही जरा कमी झाला, असं आई सांगते. मला तसं वाटत नाही.

कापूस फुटायला लागला की वर्ग बंद. दिवाळीपासून पुढे सगळ्या गावाचे हात पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या झाडांत, अडकलेले असायचे, कुंग फूला हात आणायचे कुठून?

मग ते बोंडअळीचं वर्ष आलं. बीटी म्हणजे अळीचं नाव काढायचं नाही, अशी इतक्या वर्षांची सवय झालेली. पण त्या वर्षी बाहेरून हिरवंगार, टपोरं बोंड फोडून बघावं तर आत गुलाबी अळी, थेट सरकीपर्यंत पोचलेली. उरला कापूस तो सगळा पिवळा, कवडी झालेला, म्हणजे बोंडातच चिकटून वाळलेला. दिवाळी होते न होते तोच लोकांनी पऱ्हाट्या उपटल्या, कोणी उभ्या पिकात रोटावेटर घातला. एरवी ज्या दिवसांत घरात माणूस सापडत नाही, त्या दिवसांत सगळी माणसं घरात. सगळ्यांचे हात रिकामे. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. माझे वडील ओसरीत बसून शेताच्या दिशेला पाठ करायचे. मला ते बघवत नसे.

कय्यूमभाईंकडेही त्या साली गाद्यांना कापूस आला नाही. मग त्यांनी वर्ग बंदच केला नाही. नेहमीची पोरं आली. पोरं काय करतात ते बघायला दोन-चार बाप आले, नुसतं उभं राहण्यापेक्षा बरं म्हणून तेही रांगेत उभे राहिले. आणि एके संध्याकाळी माझी आई, विमलबाई, पदर खोचून सरळ रांगेत येऊन उभी. पन्नाशीची बाई, दोन्ही बाजूंना मिसरूड फुटलेली पोरं. कोणी हसलं नाही, कारण आईच्या तोंडाला सगळे भितात.

“माहे हात घरी बसून सुजून राह्यले, कय्यूमभौ,” ती म्हणाली. “काई तरी काम द्या त्याइले.”

तिच्यामागून आणखी बायका आल्या. महिनाभरात अंगण भरून गेलं. वडील रांगेत नाही आले, पण कुंपणाच्या भिंतीवर येऊन बसायला लागले आणि तिथून प्रत्येकाच्या चुका काढायला लागले. ते चुका काढतात म्हणजे बरे आहेत, हे घरात आम्हाला ठाऊक. मला त्या अंगणाबद्दल आजही कोणी विचारलं तर मी हेच सांगते: त्या वर्षी गावात संध्याकाळी माणसं उठून जातील अशी ती एकच जागा होती.

कय्यूमभाईंना भरून आलं होतं. इतकी माणसं, आणि सगळी त्यांना उस्ताद म्हणणारी. काही पोरं पोलीसभरतीची तयारी करत होती, त्यांना सर्टिफिकेट हवं होतं. तेव्हा कय्यूमभाईंनी आपणहून अकोल्याच्या कुंग फू क्लासला निरोप धाडला आणि परीक्षक बोलावला. सकलैन त्याचं नाव. पंचविशीतला, हैदराबादेत रीतसर शिकून आलेला, बोलायला अत्यंत अदबशीर. कय्यूमभाईंनी अंगण सारवून घेतलं, नूरजहांभाभींनी पाहुण्याला बसायला नवी गादी टाकली, पेढे आणले.

मालिका आम्ही सगळ्यांनी मिळून केली. सकलैन रांगेतून फिरला, थांबून थांबून बघत राहिला. “उस्ताद,” तो म्हणाला, “हात लय साफ हायेत. इतके साफ हात आमच्या अकोल्यात नाहीत.” कय्यूमभाईंची छाती केवढी झाली ते मी पाहिलं.

मग तो म्हणाला, “आता वापर दाखवा.”

उरलेल्यांत मी सगळ्यांत जुनी, म्हणून मी पुढे झाले. त्यानं माझं मनगट धरलं, मी ‘वेच’ केली, मनगट सुटलं. तो खूश. त्यानं थप्पड उचलली, मी ‘थाप’ दिली, तीही चालली. मग त्यानं हात वरून आणला. मी कोपर उचललं आणि शिकवल्याप्रमाणे धरून ठेवलं. सकलैननं दुसऱ्या हाताचा तळवा माझ्या कोपराला नुसता लावला, आणि मी भोवऱ्यासारखी फिरले. माझी पाठ त्याच्याकडे, तोंड भिंतीवरच्या वडिलांकडे.

“पोरीची चूक नाही,” कय्यूमभाई घाईनं पुढे आले. “मी दाखवतो.”

सकलैननं हात हळूच आणला, मोठ्या माणसाला आणावा तसा. कय्यूमभाईंचं कोपर वर गेलं. इतकं सुंदर उचललेलं कोपर मी पुन्हा पाहिलं नाही. त्यांनी ते धरून ठेवलं. सकलैननं तळवा लावला आणि जरासा रेटा दिला. कय्यूमभाई तिरपे गेले, एक पाय दुसऱ्यात अडकला आणि सगळ्यांसमोर सारवलेल्या जमिनीवर आडवे झाले.

सकलैननं धावत जाऊन त्यांना हात दिला. त्यालाच जास्त वाईट वाटत होतं. “हा हात थांबत नाही, चाचा,” तो म्हणाला. “येते अन् जाते. जोर बाजूनं निघून गेला का याचं काम संपलं, लगेच दुसरा हात पुढं. धरून ठेवाले तुमाले कोनं सांगितलं?”

उस्तादचं चाचा झालेलं सगळ्यांनी ऐकलं. कय्यूमभाईंनी कपडे झटकले, पाहुण्याला चहा दिला, पेढे दिले, फाट्यापर्यंत सोडायला गेले. सर्टिफिकेट कोणालाच मिळालं नाही; पुढच्या वर्षी पाहू, असं सांगून सकलैन गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही आलो तर अंगणाचं फाटक आतून लावलेलं. तिसऱ्या दिवशीही. मग लोकांनी येणं सोडलं. फाट्यावरचा पानवाला कचरू मला बघून म्हणायचा, “काय अश्विनी, आज भाकर थापली का नाही?” मी त्याच्याकडून साधी गोळीसुद्धा विकत घेणं बंद केलं. पण खरं सांगायचं तर माझा राग कचरूवर नव्हताच. माझा राग कय्यूमभाईंवर होता. इतकी वर्षं मी तो हात घासला होता, आणि तो एका तळव्यानं फिरला. मला फसवल्यासारखं वाटत होतं. वडील पुन्हा ओसरीत येऊन बसले होते, शेताला पाठ करून, आणि त्याचाही राग मी कय्यूमभाईंवरच काढत होते.

आईनं आठवडाभर वाट पाहिली. मग मला म्हणाली, “चाल.” आम्ही फाटकातून न जाता दुकानातून आत गेलो. नूरजहांभाभी कुणाची तरी जुनी गादी उसवत बसल्या होत्या. कय्यूमभाई मशीनजवळ, मशीन बंद.

“वर्ग काऊन बंद केला, भौ?” आईनं उभ्या उभ्याच विचारलं.

मग त्यांनी दावाची सगळी गोष्ट सांगितली. गच्ची, पहाट, हात, आणि न सांगितलेला अर्थ. “वापर मी बसवले, वयनी,” ते म्हणाले. “मनानंच. पहिल्यानं मले ध्यानात होतं का हे माहं हाय. मंग सांगता सांगता मलेच खरं वाटाले लागलं.” मग माझ्याकडे बोट केलं. “ही पोरगी कुठी गर्दीत कोनाशी भांडली असती अन् माह्या भरोशावर हात उचलला असता, तं तोंड फोडून घेऊन घरी आली असती. मंग तुमी मले काय म्हटलं असतं?”

“म्हनाचं ते म्हटलंच असतं,” आई म्हणाली. “पर तुमी फाटक लावून बसले तं तिचा हात सुधरते का? खरं काय हाय ते त्या पोट्ट्याले ठाऊक हाय ना? मंग जा अन् शिकून या.”

“या वयात? त्या पोट्ट्याच्या हाताखाली?”

“मी नाही का उभी राह्यली तुमच्या पोट्ट्याइमधी? माह्या वयाची एक तरी बाई होती का तथी?”

यावर नूरजहांभाभीच बोलल्या, दोऱ्यावरची नजर न काढता. “जुनी गादी उसवली का कापूस फेकून देता का तुमी? पिंजता अन् परत भरता. लोकाइचं जलमभर उसवलं. आता सोताचं उसवाची येळ आली तं लाज वाटून राह्यली.”

कय्यूमभाई बायकोकडे बघत राहिले. त्या संसारात कोणाचं चालतं ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी फाटक उघडलं आणि पोरं बोलवायला धावली. कय्यूमभाई सगळ्यांसमोर उभे राहिले आणि त्यांनी जे आम्हाला सांगितलं होतं तेच, तितकंच, सांगितलं. हात दावाचे आहेत, वापर माझे आहेत. त्यातले काही बरोबर निघाले, काही चुकीचे. वेसण साफ चुकीची. सांगताना त्यांचा आवाज कापत होता. मला त्यांचा राग आला होता तो त्या आवाजानं गेला. भिंतीवरून माझे वडील म्हणाले, “मंग इतके दिवस आमी काय पाह्यलं?”

“माही कल्पना पाह्यली, पंजाबराव,” कय्यूमभाई म्हणाले.

लोक हसले. भरतीची पोरं मात्र गेली. त्यांना घाई होती आणि त्यांनी खामगावात दुसरा वर्ग धरला. आणखीही काही गेले. निम्मं अंगण उरलं.

दर रविवारी कय्यूमभाई एसटीनं अकोल्याला जायला लागले. एकदा मी सोबत गेले. सकलैननं त्यांच्यासाठी बाजूला खुर्ची ठेवली होती; चाचा, तुम्हाला मी वेगळं शिकवतो, असं त्याचं म्हणणं. कय्यूमभाईंनी खुर्ची भिंतीला लावली. तिथली रीत अशी की जो सगळ्यांत नवा, तो रांगेत सगळ्यांत मागे. ते जाऊन मागे उभे राहिले. त्यांच्या पुढे शाळेतला एक पोरगा होता, त्याच्या डोक्यावरून त्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं. पिकलेली दाढी आणि पुढे ते एवढंसं पोरगं. मी खिडकीबाहेर बघत बसले.

मालिका त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. नवीन होतं ते पुढचं: दोन माणसांनी समोरासमोर उभं राहायचं, हातांवर हात टेकवायचे आणि न सोडता फिरवत राहायचे. समोरच्याचा जोर कुठे चाललाय ते डोळ्यांनी बघायचं नाही, हाताच्या कातड्याला कळू द्यायचं. चिकट हात म्हणतात त्याला. भाकर, वेसण, सगळे हात त्यात आपोआप येतात, आपण आणायचे नसतात. समोरचा दाबतो म्हणून कोपर वर जातं, आणि दाब सरला की खाली येतं. परतीच्या एसटीत कय्यूमभाई आपल्या मनगटाकडे बघत बसले होते. “अश्विनी,” ते म्हणाले, “इतके साल मी हवेशीच भांडलो व. माह्या हातावर दुसऱ्याचा हात आज पहिल्यांदा आला.”

रविवारी शिकायचं आणि सोमवारी आम्हाला शिकवायचं. “इथपर्यंतच आलं मले,” ते सरळ सांगायचे. “पुढचं पुढच्या आठवड्यात.” आणि गंमत अशी की आमच्यात सगळ्यांत कच्चे तेच. त्यांचं कोपर वर गेलं की तिथेच राहायचं. मी म्हणायचे, “कय्यूमभाई, कोपर,” ते म्हणायचे, “हाव, हाव,” आणि कोपर तिथेच. माझ्याही हाताला तीच खोड होती, पण तरुण अंग लवकर ऐकतं. आईला खोड लागायला वेळच मिळाला नव्हता, त्यामुळे तिचा हात पहिल्यापासून बरोबर. तिच्यासोबत हात टेकवायला बाई हवी म्हणून नूरजहांभाभी शिलाई सोडून अंगणात आल्या. आईच्या बांगड्या फुटायला लागल्या, तेव्हा दोघींनी खोळीच्या कापडाची फडकी मनगटाला गुंडाळली. त्या दोघी हात फिरवता फिरवता साऱ्या गावाच्या गोष्टी करायच्या. सकलैननं एकदा येऊन पाहिलं आणि म्हणाला, बोलता बोलता हात चालतो म्हणजे खांदा सैल आहे. सगळ्यांनी असंच करा. वडिलांनी भिंतीवरून हे ऐकलं, आईनं लक्षात ठेवलं, आणि पुढे वडिलांना तिला घरात गप्प बस म्हणायची सोय उरली नाही.

पुढच्या हंगामात लोकांनी पुन्हा बीटीच पेरलं, पण या वेळी शेताशेतात अळीचे पतंग पकडणारे कामगंध सापळे टांगले होते. अळी आली, पण पहिल्या दोन वेचण्या घरात आल्या. वेचणी आटोपली तशी पांगलेली माणसं अंगणात परतू लागली. गाद्यांना कापूसही आला. आणि परीक्षेचा दिवस ठरला.

या खेपेला कय्यूमभाईंनी स्वतःचं नावही परीक्षेला दिलं. आम्ही रांगेत उभे राहिलो आणि ते सगळ्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. आई वळून म्हणाली, “पुढं या ना भौ, तुमचंच अंगण हाय.” ते हलले नाहीत. कुंपणापाशी अख्खं गाव जमलं होतं, पानवाला कचरूसुद्धा. एकदा पडलेला माणूस पुन्हा पडतो का ते बघायलाच बरेच जण आले होते, उगाच कशाला गोड बोलू. स्वतःच्या परीक्षेची मला काळजी नव्हती. मी पास झाले, आई पास झाली, भाभी पास झाल्या. मला भीती होती ती एकच: आज ते पुन्हा पडले तर ते फाटक परत उघडेल का.

सकलैननं त्यांच्या हातांवर हात टेकवले. हात फिरायला लागले. मग त्यानं दाब वाढवला आणि एकदम वरून आला. कय्यूमभाईंचं कोपर वर गेलं. ते तिथेच राहतं की काय, असं वाटलं. कोपर वर गेलं, सकलैनचा जोर त्याच्यावरून घसरत बाजूला गेला, आणि कोपर खाली आलं. दुसरा हात सकलैनच्या छातीपाशी जाऊन थांबला. भिंतीवरून वडील मोठ्यानं म्हणाले, “गेला. हात गेला.” गावानं टाळ्या वाजवल्या. सकलैन हसला, पण थांबला नाही. त्यानं कय्यूमभाईंचा तोच पुढे आलेला हात वरून दाबला, खेचला आणि पाय आडवा घातला. हे आम्ही कोणीच कधी पाहिलेलं नव्हतं. कय्यूमभाई पुन्हा आडवे, त्याच अंगणात.

टाळ्या बंद झाल्या. सकलैन हात द्यायला वाकला. आई एक पाऊल पुढे झाली होती, भाभी तोंडावर पदर धरून उभ्या.

कय्यूमभाईंनी त्याचा हात घेतला नाही. ते जमिनीवरच कोपरावर टेकून बसले, दाढीला माती लागलेली, आणि वर बघून म्हणाले, “हे नाही येत मले. परत कर. सावकाश कर, म्हंजे मांगच्याइले बी दिसीन.”

कुंपणावरून माणसं आत उतरली आणि पुढे सरकली. वडीलही भिंतीवरून उतरले.